मॅडमच्या मनगटावरचा किसन

वाशी, ऑफिसातून
शनिवार, जेवणाची सुट्टी

तीर्थरूप गोजरा आत्या हिला,

मनस्वीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले. टेबलाखाली पेन पडलं होतं, ते उचलताना तुझी आठवण काढली.)

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तू थेंब वेळेवर टाकतेस की नाही, ते आधी कळव. मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे मामांकडून वाचून घ्यायला नको. मामा मोठ्याने वाचतात, आणि यातलं बरंचसं मोठ्याने वाचण्यासारखं नाही. त्यांचा खोकला कसा आहे? कोंबड्या अंडी देतात का? तू म्हणशील, फोन असताना ही पोरगी पत्र कशाला लिहिते. आत्या, माझा फोन आला की तू तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस आणि शेजारची चांगुणाबाई माझ्याशी बोलायला लागते. मागे एकदा मला सर्दी झाल्याचं मी तुला सांगितलं, तर काढा कसा करायचा ते चिरनेरच्या निम्म्या बायकांनी मला एकाच वेळी सांगितलं. म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक आहे. बाबांची तब्येत बरी आहे, आईचीही बरी आहे, आणि आई माझ्या लग्नाच्या मागे लागलेली असल्यामुळे जरा जास्तच बरी आहे.

आता मुख्य हकिकत. परवा गुरुवारी आम्हाला सुट्टी मिळाली. सण नव्हता, कोणी गेलंही नव्हतं. ऑफिसात झुरळं झाली होती. ती वर्षभरापासून आहेत, पण तोवर ती आमच्या डब्यांतून निघत होती. बुधवारी एक साहेबांच्या डब्यातून निघालं आणि त्याच दुपारी मेल आला की उद्या पेस्ट कंट्रोल, सर्वांनी घरी थांबावं. मी ठरवलं होतं की दुपारपर्यंत झोपायचं, मग उठून जेवायचं आणि जेवून परत झोपायचं. यातलं काहीही झालं नाही.

सकाळी उजाडता उजाडता आईने पांघरूण ओढलं. "मनू, ऊठ गो. सुट्टी हाय ना तुला? मग जा, गावदेवीची ओटी भरून ये." उलव्याच्या एका मुलाचं स्थळ आलंय, ते तुला आईने सांगितलं असेलच. त्याचा फोटो मी पाहिला. तो एका नव्या गाडीला टेकून उभा आहे आणि फोटोत गाडी फार सुंदर आली आहे. आईने या स्थळासाठी नवस बोललाय. म्हणजे नवस आईचा, पण सुट्टी माझी असल्यामुळे ओटी मी भरायची. खण, नारळ, तांदूळ अशी पिशवी माझ्या हातात देऊन तिने मला घराबाहेर काढलं. देवळात गर्दी नव्हती. मी ओटी भरली, हात जोडले आणि आईचा निरोप जसाच्या तसा देवीला सांगितला की उलव्याच्या पोराचं जमू दे. मग माझाही एक निरोप सांगितला. दोन्ही निरोप एकमेकांना जरा आडवे जात होते, पण देवीला त्याची सवय असणार. एवढं मोठं गाव, सगळ्यांचे निरोप एकाच दिशेला थोडेच जातात? पुजाऱ्याने नारळ फोडून अर्धी कवड मला परत दिली. ती पिशवीत टाकून मी घराकडे निघाले आणि वाटेतच राजश्री मॅडमचा फोन आला.

राजश्री मॅडम म्हणजे आमच्या अकाउंट्सच्या हेड. मूळ चिपळूणकडच्या, आता खारघरला राहतात. नवरा बँकेतून रिटायर झाला, मुलीचं लग्न झालं. बाई शिस्तीच्या. मागच्या वर्षी आलेला ऑडिटर त्यांच्या केबिनमधून बाहेर पडून जिन्यावर बसून रडत होता, हे मी स्वतः पाहिलंय. अशा या बाईंच्या उजव्या मनगटावर जुन्या हिरव्या शाईत गोंदवलेलं आहे, 'किसन'. नवऱ्याचं नाव किसन नाही. वडिलांचंही नाही. (ही माहिती आम्ही त्यांच्या पॅनकार्डच्या झेरॉक्सवरून काढली. ऑफिसात काम कमी असतं असं नाही, पण वेळ निघतो.) किसन कोण, यावर आमच्याकडे मी लागल्यापासून चर्चा चालू आहे. कुणी म्हणालं, कॉलेजातलं प्रेम. कुणी म्हणालं, कृष्ण; पण मॅडम बौद्ध आहेत, दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात वंदना घेतात, तेव्हा ते बसेना. एकाने तर सांगितलं की किसन समुद्रात बुडाला आणि मॅडम तेव्हापासून मासे खात नाहीत. मॅडम मासे खातात. डब्यात बांगडा असला की पूर्ण मजल्याला कळतं.

तर फोनवर मॅडमनी विचारलं, "मनस्वी, सुई बघून तुला चक्कर येते का?"

मी म्हटलं, नाही.

"मग वाशीला ये. आकाशलाही बोलावलंय."

हा आकाश आमच्याच ऑफिसातला, डिस्पॅचमध्ये असतो. नांदेडकडचे लोक आहेत. त्याच्याबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. उंच आहे. त्याच्या दंडावर निळ्या शाईत 'जय भीम' गोंदवलेलं आहे, म्हणून मॅडमनी त्याला या विषयातला जाणकार ठरवलं होतं आणि त्यानेच त्यांना टॅटूवालीचा पत्ता दिला होता. मला का बोलावलं, ते नंतर माझ्या हाताला कळलं.

वाशीला एका इमारतीत, एका बाजूला ट्यूशन क्लास आणि दुसऱ्या बाजूला फिजिओथेरपिस्ट, अशा मधल्या गाळ्यात ते टॅटूचं दुकान आहे. चालवणारी सई नावाची मुलगी. दोन्ही हात खांद्यापासून बोटांपर्यंत रंगवलेले, कानाला जागा सापडेल तिथे बाळी, आणि बोलणं मात्र दवाखान्यातल्या चांगल्या नर्ससारखं. मॅडमनी आधी तिची अर्धा तास उलटतपासणी घेतली. सुई नवीन का, पाकीट माझ्यासमोर फोड, शाई कुठली, बिल पक्कं देतेस का. सईने सगळ्याची उत्तरं न चिडता दिली, आणि मग मॅडमचा हात दिव्याखाली धरून, आम्ही पाच वर्षांत जे विचारू शकलो नाही ते सहज विचारून टाकलं.

"मॅडम, किसन कोण?"

आकाशने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशकडे पाहिलं. (सहज.)

"माझा भाऊ," मॅडम म्हणाल्या.

झालं असं होतं, आत्या. मॅडम लहान असताना गावाशेजारच्या जत्रेत एक गोंदणारी बसायची. मॅडमच्या आईने ठरवलं की मुलगी आणि मुलगा दोघांच्या हातावर ज्याचं त्याचं नाव गोंदवायचं, म्हणजे गर्दीत हरवली तरी पोरं परत मिळतील. गोंदणारीला वाचता येत नव्हतं. कुणाकडून तरी दोन चिठ्ठ्या लिहून घेतल्या होत्या, त्या बघून ती अक्षरं काढायची. किसन मोठा, म्हणून पहिली चिठ्ठी त्याची. पण सुई बघितल्याबरोबर किसन आईच्या मागे लपला. तेव्हा मॅडमनी, वय वर्षं सात, स्वतःचा हात पुढे केला. गोंदणारीने समोरच्या चिठ्ठीवरचं नाव समोरच्या हातावर काढलं. चूक लक्षात आली तेव्हा 'किसन' पूर्ण झालेलं होतं. मग मॅडमच्या आईने विचार केला की आता हिशेब सारखा करावा, आणि किसनला धरून त्याच्या हातावर 'राजश्री' काढून घेतलं. तो माणूस तेव्हापासून बहिणीचं नाव घेऊन फिरतोय. लग्न ठरताना मुलीकडच्यांना ही राजश्री कोण ते पटवून द्यायला मॅडमना स्वतः जावं लागलं. रेशनकार्ड घेऊन.

मी आणि आकाश हसणार तेवढ्यात मॅडमनी पुढचं सांगितलं, आणि आम्ही हसलो नाही. चार वर्षं झाली, भाऊ-बहीण बोलत नाहीत. मॅडमच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत मामाचं नाव छापायचं राहिलं. चूक प्रेसवाल्याची. पण पत्रिका आल्यावर मॅडमनी ते पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, किसन काय परका आहे का, त्याला कशाला पत्रिका वाचायला लागते. किसनमामाने पत्रिका वाचली. दोनदा वाचली. लग्नाला आला नाही. मामाशिवाय मुलगी लग्नाला उभी राहिली. हे सांगताना मॅडमचा आवाज ऑडिटरशी बोलतात तसाच होता, फक्त त्या मनगटाकडे बघत नव्हत्या.

"झाकून टाक," त्या सईला म्हणाल्या. "पिंपळाचं पान काढ. बोधिवृक्षाचं. मोठं."

सईने सांगितलं की जुनी शाई खोल गेलीय, पान गडद काढावं लागेल आणि हाडाजवळ जरा जास्त दुखेल. मॅडम म्हणाल्या, दुखू दे. आणि डावा हात माझ्याकडे केला. मी काय तो धरला. मशीन सुरू झाली. आत्या, मॅडमच्या तोंडातून शेवटपर्यंत हूं की चूं निघालं नाही. ओरडत होते मी. त्यांनी माझी बोटं अशी आवळली की अंगठी वाकली. सईने मशीन थांबवून विचारलं की मॅडम, तुम्ही ठीक आहात ना, ओरडण्याचा आवाज येतोय. आकाशने मग माझ्या जागी आपला हात दिला आणि माझ्या बोटांवर थंड पाण्याची बाटली ठेवली. (माणूस तसा समजूतदार आहे. हे मी ऑफिसातला सहकारी या नात्याने लिहिते आहे.)

पान फार सुरेख झालं. लांब निमुळतं टोक, बारीक शिरा. 'किसन' पूर्ण गेला. सईने वरून पारदर्शक पट्टी लावली, मॅडमना लिंबू सरबत दिलं, आणि सरबत संपवून मॅडम म्हणाल्या की आता खारघरला चला, विहारात. आज पौर्णिमा आहे.

मला वाटलं, सोडायला जायचं असेल. कॅबमध्ये बसल्यावर त्यांनी खरं सांगितलं. किसनमामाचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे, पनवेलला. विहाराच्या नेहमीच्या माईकवाल्याने या खेपेला जमणार नाही म्हणून कळवलं, आणि कमिटीने किसनमामाला बोलावलं होतं. मॅडमना हे दोन दिवसांपूर्वी समजलं. "त्याला दिसलं पाहिजे," एवढंच म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. आकाश पुढे ड्रायव्हरशेजारी होता. त्याने आरशातून माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. मी पण केल्या. एवढी जिद्द करून कोणी हात सोलून घेतं का, आत्या? मला सारखं वाटत होतं की त्या माणसाने पान बघून नुसती मान हलवली आणि वायरी गुंडाळून तो निघून गेला तर काय?

विहार छान आहे. खाली मोठा हॉल, पुढे बुद्धाची मूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, मागे स्वयंपाकाची जागा. चपला बाहेर काढल्या आणि मला आठवलं की माझ्या पिशवीत देवीच्या प्रसादाची अर्धी कवड आहे आणि कपाळाला हे एवढं कुंकू. मी पिशवी ओढणीखाली घेतली. तेवढ्यात खिरीच्या पातेल्याजवळून एक बाई आल्या, पांढरी साडी, हातात पळी. या रखमाबाई. आकाशची आई. (त्या तिथे असणार हे मला माहीत नव्हतं. आकाशला माहीत होतं. त्याने मला सांगितलं नाही, यावर आमचं नंतर बोलणं झालं.)

"पिशवीत काय लपवलंस ग माय?" त्यांनी थेट विचारलं.

मी खरं सांगितलं. सकाळी देवीला गेले होते, प्रसाद आहे. आणि तिथेच उभी राहिले, शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तशी.

रखमाबाईंनी कवड हातात घेऊन नखाने खोबरं बघितलं. "परसाद म्हणून मी घेत नसते," त्या म्हणाल्या. "खोबरं म्हणून घेते. खिरीत कमीच पडलंय. ये, किसून दे." आणि माझ्या हातात किसणी दिली. मॅडमनी आवळलेल्या बोटांनी मी खोबरं किसलं. त्यांनी बोटं बघितली, काही न विचारता किसणी काढून घेतली आणि मला वेलची सोलायला बसवलं. आत्या, देवीला यात काही वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही. खोबरं वाया गेलं नाही, आणि खीर फार चांगली झाली.

इकडे मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर अशा बेताने ठेवलेला की दारातून येणाऱ्याला आधी पान दिसावं आणि मग मॅडम. किसनमामा आला. ऑफिसातल्या चर्चेमुळे माझ्या डोळ्यांसमोर कोणीतरी कुरळ्या केसांचा, बासरी वाजवणारा होता. निघाला बुटका, टक्कल पडलेला, गळ्यात वायरची वेटोळी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. मॅडमच्या समोरून तो वायरी ओढत तीनदा गेला आणि तिन्ही वेळा फरशीकडे बघत गेला. मॅडमनी हात मांडीवरून गुडघ्यावर आणला. मग केस सारखे केले. मग जरूर नसताना पंखा कुठे आहे ते बोटाने दाखवलं. आकाश माझ्या कानात म्हणाला की आता मॅडम हात फ्रेम करून भिंतीला लावतील.

शेवटी वंदनेची वेळ झाली आणि मॅडम उठून माईकपाशी गेल्या. माईक त्यांच्या उंचीला फार वर होता. तो खाली घ्यायला किसनमामालाच यावं लागलं. त्याने स्क्रू सैल केला, दांडा खाली घेतला, आणि स्क्रू परत आवळता आवळता त्याचा हात थांबला.

"हे काय?"

"पान."

"माझं नाव कुठाय?"

"पानाखाली."

आत्या, माईक चालू होता.

"पोरीच्या पत्रिकेत नव्हतं," किसनमामाचा आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला, "आता हातावरून पन काढलंस?"

"पत्रिकेत प्रेसवाल्याकडून राहिलं. मी दहा वेळा सांगितलं तुला."

"दहा वेळा नाय सांगितलंस. एकदा सांगितलंस आणि फोन ठेवलास."

"कारण तू म्हणालास, मी लग्नाला नाही आलो तर पत्रिका बरोबर ठरेल!"

रखमाबाई स्वयंपाकाच्या दारातून पळी हलवून म्हणाल्या, "ताई, माईक चालू हाय. भायेर रिक्षावाले थांबून ऐकायलेत." किसनमामा घाईघाईने मागे मशीनकडे गेला, घाबरून बटण उलटं फिरवलं आणि अशी किंकाळी निघाली की सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. ती थांबवून तो परत आला. मला वाटलं, आता हा वायरी गुंडाळणार. त्याने शर्टाचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. तिथे हिरव्या शाईत, जरा वाकडं, 'राजश्री'.

"मी पन गेलतो पुसायला," तो म्हणाला. आवाज मघापेक्षा खाली आला होता, पण माईकमुळे सगळ्यांना कळत होतं. "मागच्या वर्षी. त्याने सुई काढली, मी परत आलो."

पहिल्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ आधी हसले, मग त्यांच्या मागची रांग, आणि मग पूर्ण हॉल. मॅडम हसल्या नाहीत. किसनमामाही नाही. तो वाकून ती पट्टी आणि तिच्याखालची लाल झालेली कातडी बघत होता, अगदी जवळून, पोराला लागलं तर बघतात तसं.

"लय दुखलं का?"

यावर मॅडम रडल्या. सईच्या दुकानात न रडलेलं सगळं रडल्या, माईकच्या दांड्याला धरून. किसनमामा त्यांच्या पाठीवर हात ठेवू की नको असं करत शेवटी खांद्यावरची वायर सारखी करत उभा राहिला. मग मॅडमनी नाक पुसलं, माईक तोंडाजवळ घेतला आणि ऑफिसातल्या आवाजात जाहीर केलं, "आपण पाच मिनिटांत सुरुवात करू."

वंदना झाली. मला शब्द येत नव्हते, मी हात जोडून बसले. शेजारची बाई माझ्यासाठी जरा सावकाश म्हणत होती, तेवढं मी तिच्या मागून म्हटलं. नंतर खीर वाटली. भाऊ-बहीण भिंतीला टेकून एका बाजूला बसले होते. मॅडम त्याला मुलीच्या लग्नाचे फोटो मोबाईलवर दाखवत होत्या आणि तो प्रत्येक फोटोत मंडप कोणाचा होता ते विचारून त्याला नावं ठेवत होता. खीर संपल्यावर त्याने आकाशकडे सईचा पत्ता मागितला. म्हणाला, हिच्या हातावर पान, तर माझ्या हातावर पण तेच पान. जाऊन बसतो उद्या. आकाशने फोन काढला तर मॅडमनी त्याला थांबवलं.

"तू राहू दे," त्या किसनमामाला म्हणाल्या. "दोघांपैकी एकाच्या तरी हातावर नाव असू दे."

किसनमामाने एवढ्या पटकन मान डोलावली की त्याला किती सुटल्यासारखं वाटलं ते लपलं नाही.

मी घरी पोचले तेव्हा तिन्हीसांजेचा दिवा लागला होता. आईने विचारलं, देवीला सांगितलंस ना सगळं? मी म्हटलं, सगळं सांगितलं. आणि ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅडम पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून आल्या आणि पहिल्याच तासाला मला एका व्हाउचरवरून बोलल्या. झुरळं अजून आहेत, फक्त आता ती चक्कर आल्यासारखी चालतात.

मामांना आणि चांगुणाबाईंना नमस्कार सांग. थेंब टाकत जा. उन्हात चष्मा लाव. चुकलं असेल ते पोटात घाल, आणि पोटात जागा उरेल असं जेवत जा.

तुझी भाची,
मनस्वी

ता. क. (रविवार) : काल पाकीट मिळालं नाही, म्हणून आणखी थोडं. वर एक गोष्ट गाळली आहे. सईच्या दुकानात मॅडम सरबत पीत होत्या, तेव्हा मी पण खुर्चीत बसले आणि डाव्या मनगटावर आतल्या बाजूला छोटंसं एक अक्षर काढून घेतलं. 'आ'. तुझ्या हातावर गोंदण आहे, तेव्हा तू तरी ओरडणार नाहीस. आईला ते शुक्रवारी सकाळी भाकरी थापताना दिसलं. ती ओरडायला लागणार एवढ्यात मी म्हणून गेले की आईचा 'आ' आहे. आत्या, ती जागच्या जागी रडली. तेव्हापासून ती मला पीठ मळू देत नाही आणि येणाऱ्या जाणाऱ्याला माझा हात धरून दाखवते. तुला मी आत्याचा 'आ' म्हणून सांगायचं ठरवलं होतं. पण ऑपरेशननंतर तुला आता चांगलं दिसतं असं ऐकलंय, तेव्हा तू वरचं पत्र परत एकदा वाच, आणि कंसातलं जरा नीट वाच.

ता. क. दुसरा (सोमवार) : तुला समजलं असेलच, म्हणून आता सरळ लिहिते. येत्या रविवारी आकाश आणि रखमाबाई आपल्या घरी येणार आहेत. बाबांना वाटतंय, ते वरची रिकामी खोली भाड्याने बघायला येतायत. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. माझ्या ऑफिसातला एक मुलगा आईला घेऊन येतोय एवढंच म्हटलं, खोली त्यांनी स्वतःच जोडली, आणि मी ती काढून टाकली नाही. बाबांनी त्याला फोन करून विचारलं की मासे चालतात ना, वासाची तक्रार नको. तो म्हणाला, सुकट फार आवडते. बाबा खूश झाले. लोक कुठले, कोण, तेही त्यांनी विचारलं, आणि आकाशने काही न लपवता सांगितलं. त्यावर बाबा म्हणाले, भाडेकरू आहे, जावई थोडाच करायचाय.

तर आत्या, तू शनिवारीच ये. बाबांना, म्हणजे तुझ्या हिरामण पाटलाला, गावात कोणी गप्प करू शकत नाही, पण तू आलीस की तो आधी खुर्ची सोडतो आणि मग आवाज. आईचं मी बघते. उलव्याच्या गाडीचं तू बघ.

ता. क. तिसरा (मंगळवार) : घाई कर. काल संध्याकाळी बाबांनी खोलीला रंग द्यायला घेतला. भिंतीला कोणता रंग आवडेल म्हणून त्यांनी आकाशला फोन लावला, आणि तो गाढव बोलून गेला की मनस्वीला विचारा. बाबा फोन हातात धरून बराच वेळ वर उभे होते. मग खाली आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि रंग विचारला. मी म्हटलं, पिस्ता. त्यानंतर ते माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. पण आज सकाळपासून भिंत पिस्ता होते आहे. तू त्यांची मोठी बहीण, याचा अर्थ काय तो तूच येऊन सांग.